मांडीदेवानं कवच सोडलं

हात जोडून झाले? डोळे मिटून झाले? मग आता उघडा, मंडळी! आजचं आख्यान डोळे उघडे ठेवून ऐकायचं आहे.

एक प्रश्न टाकतो. देवाचा अपमान कोण करतो? देव नाही म्हणणारा? प्रश्न विचारणारा? की देवाच्या पुढ्यात उभं राहून, समजून-उमजून खोटं बोलणारा? — माना डोलवू नका लगेच! उत्तर इतकं सोपं असतं, तर ते द्यायला मला अकरा वर्षं लागली नसती.

ही गोष्ट पुराणातली नाही. तुमच्या खैरबोडीची आहे, याच मारुतीच्या देवळातली. काय भाऊरावजी, आत्ताच चुळबुळ? बसा, बसा! देवळाच्या कमिटीचे अध्यक्ष तुम्ही, शाळेचे अध्यक्षही तुम्हीच. तुमच्याशिवाय आख्यान पुढं कसं सरकायचं!

तर ऐका. नाल्याकाठच्या बांधावर तुमचा मांडीदेव. पणज्याच्या नांगराला लागलेला भलामोठा गोटा — मांडीसारखा दिसला, लावला शेंदूर, झाला देव! गुडघे दुखले की तेल वाहायचं. हसू नका, मीही वाहिलंय! वर्षानुवर्षं शेंदरावर शेंदूर चढला, आणि अकरा वर्षांमागं एका सकाळी देवानं कवच सोडलं. शेंदराचा तो जाड थर आपोआप गळून पडला. केवढा शुभ दिवस! वाजतगाजत गाव नवा शेंदूर घेऊन निघालं.

बांधावर आधीच उभ्या होत्या कुंदाबाई आसुटकर. शाळेतल्या विज्ञानाच्या बाई. दहावीचा अख्खा वर्ग सोबत! हात जोडून म्हणाल्या, "तासभर थांबता का? पोरांना बघू द्या. असा उघडा पुन्हा कधी दिसायचा?" आणि पोरांना दाखवू लागल्या — "हे टोक बघा, सांध्याचं आहे. ही बारीक छिद्रं बघा. हे हाड आहे रे! कोट्यवधी वर्षांमागं इथं फिरणाऱ्या अवाढव्य प्राण्याचं, दगड झालेलं. तेव्हा माणूस नव्हता. जीव पिढ्यान् पिढ्या बदलत गेले, त्यातूनच पुढं कधीतरी आपण आलो. पुस्तकात वाचता ना, ते हे!"

झालं! शेंदूर राहिला बाजूला, गाव पेटलं. "आमच्या देवाले हाड म्हनते!" "आमाले माकडाची अवलाद म्हनते!" — आणि हे कुठं ओरडत होता? मारुतीच्या पारावर! अरे, ज्याच्या पायावर रोज डोकं ठेवता, त्याच्या कुळाशी नातं सांगितलं तर तुमचं नाक कापलं जातं? आणि घसरून आपटलात की ठणकतं ते पाठीच्या कण्याचं टोक, त्याला काय म्हणता? माकडहाड! ते नाव काय बाईंनी ठेवलं होतं?

दुसऱ्या दिवशी सकाळी इथं सभा. भाऊरावजींनी बाईंपुढं कागद ठेवला. 'मी शिकवलं ते खोटं आहे, माफी मागते' — करा सही, नाहीतर सोडा शाळा! बाईंचे वडील घरी अंथरुणाला खिळलेले. मिळवणाऱ्या त्या एकट्या. साऱ्या गावाला ठाऊक होतं हे, म्हणूनच तर कागद लिहिला होता!

बाई म्हणाल्या, "माझ्या बोलण्यानं कुणाचं मन दुखलं असेल तर शंभरदा माफी मागते. पण खोटं शिकवलं, असं लिहून देणार नाही. आणि माकड आपला बाप, असं मी म्हटलंच नाही. तो आपला चुलतभाऊ. फार फार मागं दोघांचा पूर्वज एक. वटवाघळाचा पंख घ्या, बैलाचा पुढचा पाय घ्या, तुमचा हात घ्या — आत हाडांची ठेवण एकच आहे."

मागून एक विद्वान उठले. "यात नवं काय? आपल्या दशावतारात हे सारं आधीच आलंय!" आलंय? मग त्या बाईला का हाकलता, महाराज? एका तोंडानं पाखंड म्हणायचं आणि त्याच तोंडानं श्रेय लाटायचं! वा रे वा!

त्या गर्दीत एकच माणूस शहाणं बोललं. चिंधाबाई — रोज मांडीदेवाला तेल घालणारी म्हातारी. म्हणाली, "हाड असो का गोटा असो, बाप्पा! माह्या गुडघ्याले आराम पडते. पोरायले शिकवलं तं काय बिघडलं?" तिला गप्प बसवलं. जिची भक्ती सगळ्यात जुनी, तिलाच!

मग कुणीतरी म्हणालं, "बुवाले इचारा! बुवा सांगतीन ते खरं." सप्ताहाला आलेले बुवा तिथंच बसले होते. कोण बुवा? — मी! दुसरा कोण? तीन दिवस आधी याच जागेवरून मी शेपटी हलवल्याची नक्कल केली होती. "म्हणे माकडाचा झाला माणूस!" काय हसला होतात तुम्ही! ते हसू मला अजून कानात हवं होतं.

बाई माझ्यापुढं आल्या. रुमालात त्याच बांधावरचे दोन तुकडे. म्हणाल्या, "बुवा, हा साधा गोटा, हा हाडाचा. दोन्ही कोरडे आहेत. जिभेला लावून बघा. हाडाची छिद्रं ओल ओढून घेतात, म्हणून ते चिकटतं. गोटा चिकटत नाही. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतःच्या जिभेवर ठेवा."

मी तुकडे घेतले. "देवापुढं बघतो," म्हटलं, आणि गाभाऱ्यात शिरलो. तुमच्याकडं पाठ, तोंड मारुतीकडं. गोटा लावला — खाली पडला. दुसरा लावला — चिकटला! मंडळी, असा चिकटला की ओढून काढावा लागला! बाई खऱ्या होत्या. मला कळलं. माझा देव समोर होता, त्यालाही कळलं.

आणि मी बाहेर येऊन काय बोललो? "दोन्ही साधे गोटे आहेत. बाईंनी माफी मागावी."

टाळ्या पडल्या! घंटा वाजली! बाईंनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही हो. एवढंच म्हणाल्या, हळूच — "बुवा, ओठ पुसा. माती लागली आहे."

मी पुसला. बाईंनी सही केली नाही. आठवड्याच्या आत वडिलांना जीपमध्ये निजवून गाव सोडलं. कुठं गेल्या, विचारायची माझी छाती झाली नाही.

अडाणी होतो म्हणून चुकलो असतो, तर देवानं पोटात घातलं असतं. मी माहीत असून बोललो! ज्यानं कोट्यवधी वर्षं खपून हे जग घडवलं असं मी तुम्हाला सांगतो, त्याला दहावीचा एक धडा सोसत नाही होय? देवाला काही झालं नव्हतं. भ्यायलो होतो मी — माझं आसन जाईल म्हणून! लाज वाटते मला!

आणि तुम्ही? पुढं बसलेल्या मायबापहो, माती तुम्हालाही दिसली होती. पहिल्या तीन रांगांना तरी दिसलीच होती! कुणी एक उठलं? एकानं तरी विचारलं — बुवा, साधा गोटा होता तर चाटला कशाला? खोटं मी बोललो, पण टाळ्या तुमच्या होत्या!

आज त्याच मारुतीसमोर सांगतो. ते हाड आहे. बाई खऱ्या होत्या. मी खोटा. झालं माझं सांगून. पण तेवढ्यानं तुम्ही सुटत नाही.

भाऊरावजी, तुमची नात यंदा दहावीला आहे. आज दुपारी मला पाणी द्यायला आली आणि म्हणाली, "बुवा, एक धडा सर दरवर्षी सोडून देतात. म्हणतात, घरी वाचा, गावात बोलू नका. तुम्ही शिकवता का जी?" मी म्हटलं, "पोरी, मला येत नाही. ज्यांना येत होतं, त्यांना तुझ्या आजोबांनी आणि मी मिळून गावाबाहेर घालवलं."

ती बघा, खांबाला टेकून बसली आहे. आरतीचं तबक खाली ठेवा, भाऊरावजी. आधी तिला उत्तर द्या.