मोकळं पान

—नाही सेन्योर, डाग देऊन सोनं जोडलेलंच नाही, गरजच नाही त्याची. बघा ना नीट — चांदीचं कडं, त्यात बसवलेली सोन्याची वेल. खाच कोरताना तळाशी रुंद ठेवायची, तोंडाशी अरुंद — मग मऊ केलेली सोन्याची तार आत ठोकली की ती खाली पसरते आणि तिथंच अडकते. कायमची. घ्या, कॉफी घ्या. पापा येतीलच, गुरुवार आहे, खानावळीत मक्याच्या पोसोले सुपाच्या दुसऱ्या वाडग्यावर असतील — उद्या चौकात चांदीकामाच्या स्पर्धेला तुम्ही परीक्षक म्हणून बसणार, त्यामुळे सकाळपासून मिशा विंचरतायत. हसू नका, खरंच!

कुणी केलं म्हणून काय विचारता? आत शिक्का आहे ना पापांचा! अख्ख्या ताश्को गावात तेवढंच बघतात. आईनं जन्मभर वेली कोरल्या — शिक्का पापांचा. ती गेली तेव्हा तिच्या नावाचं साधं कानातलं निघालं नाही घरात. आता माझी पाळी. राजधानीत जाऊन डिझाइन शिकून आले, तर म्हणतात, "मिरेया, बायकांचे हात पॉलिशलाच बरे." आणि माझं कडं माझ्याच टेबलावरून उचललं, शिक्का हाणला, स्पर्धेत नाव दिलं — स्वतःचं!

मग? रडत बसू? तुम्ही फक्त एक करा — उद्या सगळ्यांसमोर, माइकवर, त्यांना विचारा, यातलं कुठलं पान नखानं निघतं? एका पानाची खाच सरळ राहिलीय, तार नुसती टेकलीय. वरून कुणाला दिसतंय? कोरणाऱ्यालाच ठाऊक. ते चुकले की मी पुढं येऊन काढून दाखवीन. — हो, चुकून राहिली... छे! चुकून कशी राहील? ते उचलणार हे मला माहीतच होतं. म्हणून तर इतकं सुंदर केलं.

कळतं हो मला, सैल पान म्हणजे कडं बाद. मलाही काही मिळणार नाही. नको! आयुष्यात याहून चांगलं काम पुन्हा होईल की नाही, देव जाणे — तरी नको. मला त्यांचा चेहरा बघायचाय, गावानं तो बघताना बघायचाय — माझे बाप आहेत म्हणून काय झालं? असे बघू नका माझ्याकडे. कीव नकोय मला. — कुठलं पान? तुम्हाला बरी सांगेन! तुम्हीही त्यांच्याच वयाचे, वाटेतच त्यांच्या कानाला लागाल आणि—

आलात पापा? काही नाही, सेन्योर निघालेच होते. — राहू द्या तो कप, सेन्योर. या तुम्ही.