तुळशीखालचा खड्डा

मी मूळची संगमेश्वराकडची. लगीन होऊन विरारला मनवेलपाड्यात आले तेव्हा हितं शेतं होती आनि मधी मधी पत्र्याचे गाळे, तसल्याच एका गाळ्यात मी नि माझे मालक दोघं कामाला लागलो. नळाच्या तोट्या, पट्ट्यांची बकलं, असलं सामान तेजाबाच्या टाकीत बुडवून चकचकीत करायचं, ते काम. मी धुवायला. धुतलं की पानी पिवळंजर्द व्हायचं, मग शेट म्हनायचा, बाई, मागं भिंतीकडं खड्डा हाय त्यात ओत. मी ओतायचे. सतरा वर्षं ओतलं बघा. हे बोट बघा, हितं त्या पान्यानं भोक पडलेलं, आता बुजलंय. तेव्हा कोनी सांगितलं नाय आनि आपन विचारलं बी नाय, पोट होतं ना मागं.

मग शेटनं गाळा विकला, जागेवर चार माळ्यांची बिल्डिंग झाली, आनि काय सांगू तुम्हाला, आमच्या मालकांनी हौसेनं तिथंच खोली घेतली, तिसऱ्या माळ्यावर. म्हनाले, जिथं राबलो तिथंच घर. आता ते नायत. सोसायटीनं मागच्या कोपऱ्यात, बरोब्बर त्या खड्ड्यावर, तुळशीचं वृंदावन बांधलं, खाली मोकळी माती ठेवून. मी बघत होते, बोलले नाय. म्हटलं, खड्डा बुजवलाय की, आता काय होतंय.

तुळस काय जगेना. मुळं खाली गेली की पानं करपायची, दर वर्षी तुळशीच्या लग्नाला नवीन रोप आनायचं. मग बाया म्हनायला लागल्या, कोनाचा तरी विटाळ होतोय. आनि नाव कोनाचं, तर माझ्या सुनेचं, वैशालीचं, कारन पानी घालायला तीच जायची आनि असलं काय मानायची नाय. एकदा जिन्यात रडत बसली होती पोरगी. मला ठावं होतं हो. मला एकटीला ठावं होतं. पन आपल्यावरच येईल ह्याचं भ्या वाटलं. लाज वाटते सांगायला.

आता बिल्डिंगीचे गज बाहेर आलेत, खाली टेकू लावलेत. रीडेव्हलपमेंटला बिल्डर मिळाला, आम्ही पेढे वाटले. त्यानं मागच्या अंगाची माती तपासून घेतली आनि हात वर केले. म्हनाला, जमिनीत विष हाय, सगळी जागा खोदून माती लांब न्यावी लागंल, मला परवडत नाय. मीटिंग भरली, सगळे एकमेकांवर ओरडत होते. सेक्रेटरी म्हनाले, अख्खी जागा कशी नासली कोन जाने. वैशाली माझ्या शेजारी बसलेली. मी उठले गुडघे धरून. म्हटलं, अख्खी नाय हो. खड्डा एकच होता, तुळशीखाली. त्यात मीच ओतायचे.

मग बिल्डरकडून माती तपासायला आलेल्या मॅडमना खाली नेऊन मी पावलं टाकून दाखवलं, हितून हितवर. त्यांनी चौफेर भोकं पाडून परत माती नेली. म्हनतात, पुढची जागा बरी दिसते, पन ते खड्ड्यातलं पानी खाली किती उतरलंय ते बघावं लागंल. कागद अजून फिरतायत. बिल्डर हो म्हनत नाय नि नाय बी म्हनत नाय, आम्ही आपले टेकूखालून जातो येतो. खालच्या माळ्यावरची एक बाई मला बघून तोंड फिरवते, तिचं बी बरोबर हाय. वैशाली आठ दिवस माझं ताट वाढून आत निघून जायची. मग विचारलंन, आई, तेव्हा का नाय सांगितलंत?

वृंदावन तोडलं. वैशालीबरोबर काम करनारी मर्सी वसईकडं सांडोर गावात ऱ्हाते, तिच्या केळीच्या वाडीतली माती आनून वैशालीनं रंगाच्या डब्यात तुळस लावली, आमच्या खिडकीत. चार महिने झाले, हिरवीगार हाय. आज सकाळी तिनं तांब्या माझ्या हातात दिला, म्हनाली, आई, तुम्ही घाला पानी. मी परत दिला. म्हटलं, तूच घाल गं बाई, माझ्या हातानं लई ओतून झालंय. तुझ्या हाताला यश येऊ दे.