गाठीचं गाव

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. पण बिद्रीच्या त्या बाईचा प्रश्न मला जसाच्या तसा आठवतो, असं वाटतं. तिच्या नवऱ्याच्या मानेतली गाठ कॅन्सरची निघाली होती. मी पॅथॉलॉजिस्ट, तो कॅन्सर मुळात कुठून आला, हे मार्कर, म्हणजे ठरावीक पेशींनाच रंग चढवणारी रसायनं, लावून मला सांगायचं होतं. फुफ्फुसातून आला असेल तर दिवस थोडे. थायरॉईडमधून असेल तर माणूस वाचण्यासारखा. पहिल्या मार्करनं तपकिरी रंग धरला, पण तो दोन्हींच्या पेशींत धरतो. दुसरा फक्त थायरॉईडच्या पेशींत धरतो. तोही धरला, पण फिका.

बाहेर बाई उभीच होती.

“डॉक्टर, ह्या पावण्याचं गाव कळलं का?”

“बहुतेक थायरॉईड.”

“बहुतेक काय वो? त्याला पोरगी द्यायची न्हाय, हाकलायचं हाय की, गाव पक्कं सांगा!”

मी गाठीचा नवा काप घेऊन दुसरा मार्कर पुन्हा लावला. या वेळी रंग गडद आला. तरी रिपोर्टवर सही करण्याआधी तो काप पुन्हा एकदा पाहिला.

बऱ्याच वर्षांनी बिद्रीत एका लग्नाला गेलो. मांडवाच्या दारात नवरीचा बाप म्हणून त्या बाईचा नवराच उभा होता. मानेवर ऑपरेशनचा व्रण होता, आणि येणाऱ्या प्रत्येकाला तो विचारत होता, “पावणं, गाव कुठलं?”