सरांनीच शिकवलं होतं

निजामपुऱ्यात डॉक्टरांकडे माझ्यासमोर दोघं बसली होती. बाईंच्या पायाला जाड पट्टी होती आणि शेजारी त्यांचा धाकटा भाऊ.

"इन्सुलिन कधी बंद केलंस, ताई?"

"दिवाळीनंतर. ती जडीबुटीची भुकटी सुरू केली ना, तेव्हा."

"आणि साखर वाढली तेव्हा?"

"भुकटी देणारा म्हणाला, अंगातलं जुनं विष बाहेर पडतंय."

"कमी झाली असती तर?"

"तर गुण आला म्हणाला असता."

"मग ती भुकटी चुकीची ठरायला काय व्हायला हवं होतं? अंगठा काळा पडला, तेही पुरलं नाही?"

"ते मला नको विचारूस, पद्माकर. मी काही तुझ्या वर्गात बसलेली नाही. देणारा बसला होता."

"कोण?"

"तुझा श्रीकृष्ण. तुझ्या विषयात पहिला आलेला. म्हणून तर विश्वास ठेवला."

"श्रीकृष्ण भुकटी विकतो?"

"घडियाळी पोळात दुकान आहे. म्हणाला, विज्ञानात काहीच कायमचं सिद्ध नसतं, हे सरांनीच पहिल्या दिवशी शिकवलं. मग डॉक्टरांचंच का धरून बसायचं? तू शिकवलं होतंस असं?"

"शिकवलं होतं."

"खोटं होतं?"

"नाही. खरंच होतं."

"मग?"

"त्या वाक्यानंतर मी वर्षभर शिकवत होतो, ताई."

आतलं दार उघडून नर्स बाहेर आली.

"निरुपमाबेन, अंगूठो काढवानो छे. सही कोण करशे?"

"हा करेल. भाऊ आहे माझा. प्रोफेसर होता."