गुर्जींनी पकडलेली मरळ

(करडीजवळच्या एका लहान तलावाची पाळ. आषाढातली सकाळ. डोमा आणि निवृत्त शिक्षक यादोराव गरी टाकून बसले आहेत.)

डोमा : फेकून नोका ना गुर्जी! गोटा मारल्यावानी काहून फेकता? गरी ठेवायची असते. अलगद. झोपल्या लेकरावर चादर टाकता ना, तशी.

यादोराव : ठेवली. आता?

डोमा : आता चूप बसा.

यादोराव : किती वेळ?

डोमा : हे पाहा! वर्गात पोरायले चूप बसवणं सोपं हाय, सोता बसणं कठीण. ते मोरपीस पाण्यावर उभं हाय ना, त्याच्यावर नजर ठेवा. हाललं का लगेच ओढू नोका. मरळ पहिले नुसती तोंड लावून पाहते. मोरपीस पुरं बुडून चालाले लागलं, का मंग झटका. एकच.

यादोराव : पुरं बुडून चालायला लागलं की झटका. एकच. थांबा, मी हे लिहून घेतो.

डोमा : लिवून! आता बापा! बरं, एक सांगा. साठी ओलांडली तुमी, जिंदगीत कधी पाळीवर नाई दिसले. अन् कालपासून माझ्या मागं लागले का उद्यापर्यंत मले मरळ पकडता आलीच पायजे. घरचा धानाचा रोवणा सोडून बसून राहिलो मी इथं. कारण तरी सांगा.

यादोराव : छंद. निवृत्तीनंतर माणसाला एखादा छंद हवा.

डोमा : छंदाले उद्याची तारीख असते काय?

यादोराव : डोमाजी, कोणाला सांगणार नाही ना?

डोमा : मासोळ्या सोडून इथं हाय कोण?

यादोराव : आमची सून, शुभांगी. सातवा महिना लागलाय. पोरीच्या पोटात काही टिकतच नव्हतं. मागच्या आठवड्यात म्हणाली, बाबा, मरळीचा रस्सा खावासा वाटतो. तिच्या माहेरी, नाकाडोंगरीला, तिचे वडील भय्याजी स्वतः पकडून आणतात म्हणे. झालं! मी म्हटलं, त्यात काय मोठं, मीही पकडून आणतो. तोंडातून निघून गेलं.

डोमा : अन्?

यादोराव : दोन दिवस बसलो. तिकडे, पलीकडच्या पाळीवर, कोणी पाहू नये म्हणून. एक खेकडा लागला. तोही सुटून गेला.

डोमा : मंग?

यादोराव : मग गुरुवारी बाजारात तुमच्या सुमनबाईंकडून घेतली. चांगली दोन किलोची. गवतात गुंडाळली आणि घरी जाऊन सांगितलं, मी पकडली.

डोमा : अरे अरे अरे! गुर्जी! थांबा, मले हासू द्या पहिले.

यादोराव : हसा. पोरगी दोन वाट्या रस्सा जेवली. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. म्हणाली, बाबा, माझ्यासाठी एवढा त्रास घेतला तुम्ही. तेव्हाच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट कशी लागली, किती ओढलं, सगळं रंगवून सांगितलं. छत्तीस वर्षं पोरांना खरं बोला म्हणून छड्या मारल्या मी! आणि तिनं आनंदानं बापाला फोन केला. उद्या भय्याजी, आमचे इवाई, येऊन राहिले. म्हणतात, यादोरावजी, बरोबर गरी टाकू, तुमचा हात पाहायचा आहे. माझी तर जाईलच लाज, पण बापासमोर त्या पोरीचीही जाईल हो. तुम्ही हसायचे का थांबले?

डोमा : गुरुवारची म्हणता? खालचा ओठ फाटलेली?

यादोराव : हो, तीच. मी सुनेला तो ओठही दाखवला, ही बघ माझ्या गरीची खूण म्हणून.

डोमा : माझ्या गरीची होती.

यादोराव : ठाऊक आहे ना, म्हणून तर तुमच्याकडे आलो. करडीत तुमच्यासारखा हात...

डोमा : हाताचं नोका बोलू गुर्जी. तिकडं पाहा, कमळाच्या पानापाशी. पाण्यावर लाल लाल दिसते काय?

यादोराव : शेवाळ आहे का?

डोमा : पिल्लं हायत मरळीची. हजारभर असतील, एका झुबक्यात. खाली त्यायचे मायबाप फिरतात. पिल्लायजवळ काई पडलं का झेप घेतात, भूक असो का नसो. तिथं हुन्नर नाई लागत. दहा वर्साचं पोरगंही पकडते. म्हणून तिथं कोणी टाकत नाई. माझ्या बापानं मले गरी हाती द्यायच्या पहिले हेच सांगतलं होतं, का आखाडात लाल दिसलं का गरी गुंडाळाची अन् घरी जायचं.

यादोराव : म्हणजे ती गुरुवारची...

डोमा : टाकली मी. असाच लाल झुबका होता, त्या तिकडच्या कोपऱ्यात. बुधवारी. साल झालं, हात साथ देत नाई माझा. झटका बरोबर बसत नाई. आठ दिवस खाली हातानं घरी गेलो. तर आमचा अनुप म्हणे, बाबा, राहू द्या आता, तुमचा हात गेला. पोरगा वाईट नाई बोलला, काळजीनंच बोलला. पण लय लागलं मले. दुसऱ्या दिवशी दोन किलोची आणून त्याच्यासमोर टाकली. म्हटलं, पाह्य! अनुप खूश, त्याची माय सुमन खूश. माझ्याच्यानं पाहवत नव्हतं त्या मरळीकडं. म्हटलं, बाजारात नेऊन विकून टाका. विकल्यावर जाऊन पाहिलं तिथं. लाल काईच नव्हतं. बगळे बसले होते, पिल्लं खाऊन.

यादोराव : आणि ती मी माझ्या पोटुशी सुनेला...

डोमा : म्हणून हासू थांबलं माझं. तिले हे नोका सांगू गुर्जी. त्या पोरीनं काय केलं?

यादोराव : नाही सांगणार.

डोमा : मोरपीस पाहा. हालून राहिलं काय?

यादोराव : वारा आहे. डोमाजी...

डोमा : हं.

यादोराव : त्या लालपाशी गरी ठेवली तर लागेल?

डोमा : लागन. पहिल्याच बारीले.

यादोराव : म्हणजे उद्याही लागेल. भय्याजींसमोर.

डोमा : लागन. मी नाई अडवत तुमाले. कोणत्या तोंडानं अडवू?

यादोराव : मी काय विचारलं हे! ऐकलंत ना? आत्ता तुमच्या तोंडून सगळं ऐकलं, आणि वर हे विचारलं मी. छी! काढा ती गरी पाण्यातून. नाही पकडायची मले मरळ.

डोमा : हळू, हळू! गरीचा तंगूस गुतन पायात. तुमचा फोन वाजून राहिला.

यादोराव : शुभांगीचा आहे. हात ओले आहेत माझे, तुम्हीच ते हिरवं दाबा. हॅलो?

शुभांगी : बाबा, कुठे आहात? पप्पा उद्या सकाळी सातलाच पोचतात म्हणे. दोन गऱ्या घेऊन येऊन राहिले. शेजारच्या निर्मलाबाई पण पाहायला येतो म्हणत होत्या, मी त्यांना म्हटलं, माझे सासरे...

यादोराव : शुभांगी, थांब. बसली आहेस ना?

शुभांगी : हो. काय झालं?

यादोराव : ती मरळ मी पकडली नव्हती. बाजारातून विकत आणली होती.

शुभांगी : पण तुमची पँट तर गुडघ्यापर्यंत चिखलानं भरली होती, बाबा.

यादोराव : घरी यायच्या आधी धानाच्या बांधीत उतरलो होतो. मुद्दाम.

शुभांगी : ती मी धुतली. आईंचे गुडघे दुखत होते ना. दोनदा साबण लावला, तरी निघत नव्हता.

यादोराव : तू धुतली?

शुभांगी : वाकता येत नव्हतं. पण तेव्हा काही वाटलं नाही. म्हटलं, माझ्यासाठीच तर चिखलात गेले.

यादोराव : पोरी, चुकलं माझं. फार चुकलं.

शुभांगी : पप्पांना मी सांगू की तुम्ही सांगता?

यादोराव : मी सांगतो. आजच. तू काही बोलू नको.

शुभांगी : बरं. ठेवते.

डोमा : ठेवला?

यादोराव : ठेवला. चिडली असती तर बरं झालं असतं.

डोमा : तुमचं तर सांगून झालं गुर्जी. माझं घरी जाऊन सांगायचं बाकीच हाय. चला, उठा. अरे, मांगून पुरे भरले ना तुमी चिखलानं!

यादोराव : डोमाजी, इथे कपडे धुवायचा दगड कुठे आहे?