तांडेलाची करवंटी

मुंबईची आगबोट अजून दिसत नव्हती. रत्नागिरीच्या बंदरावर बोचक्याला टेकून बसलेली राही शेजारच्या मामा-भाच्याचं बोलणं ऐकत होती. भाच्यानं मासिकातली मंगळावरची गोष्ट नुकतीच वाचून संपवली होती.

"म्हणजे आजाऱ्याला तिथंच टाकला, सदू?"

"काय करणार मामा? यानात माणसं चार, हवा तिघांपुरती. कप्तानानं हिशेब केला."

"मग ते तिघं काय घरी पोचायचे नायत."

"पोचले की! छापलंय इथं."

"उद्या मी पडलो तर मलापण टाकतील, हेच मनात असताना झोप कोणाला लागंल? आणि झोपेविना सुकाणू कोण धरंल?"

"गोष्ट आहे मामा ती."

"आमचं गलबत भरकटलं, तेव्हा पिंपातलं पाणी तळाला गेलं व्हतं. एकच करवंटी फिरायची. आधी आजाऱ्याला, मग बाकीच्यांना, गलबताचा म्होरक्या तांडेल शेवटी. रीतच हाय ती."

"आजारी कोण होतं?"

"मी."

"आणि तांडेलाला पुरायचं?"

"रोज करवंटी तोंडाला लावायचा. आम्हाला वाटायचं, पितोय."

राहीनं आपला पाण्याचा तांब्या पुढे केला. म्हाताऱ्या मामानं गाठोड्यातून तीच, आता काळी पडलेली करवंटी काढली, भरून घेतली आणि भाच्यापुढे धरली.

सदू अर्धंच पाणी प्यायला. करवंटी परत दिली, आणि मामाच्या गळ्याची घाटी खालीवर होईस्तोवर त्यानं नजर हलवली नाही.