आजीच्या 'आमेन'ची जागा

मेम्फिसच्या बसमध्ये ड्रायव्हर ल्यूशसच्या पाठीमागेच एक आजी आणि तिची नात बसल्या होत्या. ल्यूशसचे डोळे रस्त्यावर, कान मागे.

"कमारिया, आज मी चर्चच्या बाहेरच बसते बाई."

"का गं आजी?"

"गेल्या वर्षी आपल्या काळ्या पोरांच्या वक्तृत्व स्पर्धेत तुझ्या भाषणात मध्येच मी 'आमेन' म्हणाले, मागोमाग अख्खं चर्च गरजलं, नि त्या गजरातच तुझी वेळ संपली. पदक माझ्यामुळं गेलं."

"छपरावरची कबुतरंही गेली!"

"तोंडात पेपरमिंट धरलं तरी आवरत नाही गं मला."

"आवरू नकोस. यंदा भाषणातला एक परिच्छेदच कापलाय मी."

"तो कशाला?"

"तुझ्या 'आमेन'ला जागा नको? पहिल्या रांगेत बस. पदक आपलंच."

"खरंच म्हणू?"

"म्हणून तर बघ."

आजीने म्हणून पाहिलं. थांबा नसतानाही ल्यूशसने करकचून ब्रेक दाबला.